बधिरांच्या वतीने बोलणारे

सामाजिक सुधारणेचा इतिहास सांगताना एका बाजूस प्रतिगामी आणि दुसऱ्या बाजूस सुधारक अशी सरळ विभागणी करण्याची पुरोगामी कार्यकर्त्यांना सवय असते, आणि बहुतेक प्रश्नांच्या बाबतीत ती फारशी चूकही ठरत नाही. अमेरिकेतील बधिरांच्या दोनशे वर्षांच्या इतिहासाला मात्र ही विभागणी लागू पडत नाही. तेथे बधिरांची भाषा त्यांच्या शाळांतून हुसकावून लावली ती सार्वजनिक शिक्षणाचे पुरस्कर्ते असलेल्या, विज्ञानावर निष्ठा असलेल्या आणि बधिरांचे भले व्हावे अशी मनापासून तळमळ बाळगणाऱ्या सज्जनांनी. बधिरांनी जे काही मिळविले, ते पुष्कळदा या हितचिंतकांशी झगडूनच मिळविले. वंचितांच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न ज्यांच्या राजकारणाच्या मुळाशी आहे त्या समाजवादी कार्यकर्त्यांनी हा इतिहास दूरदेशीची एक कहाणी म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही.

बधिरत्व ही आपत्ती आहे की केवळ एक वेगळेपण, याचे उत्तर भोवतालच्या समाजावर किती अवलंबून असते, याचा एक विलक्षण दाखला अमेरिकेतच सापडतो. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगत मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर आनुवंशिक बधिरत्व तेथे आले आणि सोयरिकी बेटावरच्या बेटावरच होत राहिल्याने ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. एकोणिसाव्या शतकात साऱ्या अमेरिकेत सुमारे पावणेसहा हजार माणसांमागे एक जन्मबधिर असे; या बेटावर ते प्रमाण १५५ मागे एक असे होते, आणि चिलमार्क या गावात तर २५ मागे एक. परिणाम असा झाला की, खुणांची भाषा गावातील ऐकणाऱ्या माणसांनाही लहानपणापासूनच येऊ लागली. मासेमारी, शेती, दुकानदारी, लग्नकार्य, गावसभा यांत बधिर माणसे इतरांप्रमाणेच वावरत. नोरा एलन ग्रोस या मानवशास्त्रज्ञ विदुषीने बेटावरील वृद्धांच्या आठवणी गोळा करून १९८५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्या वृद्धांना कोण बधिर होते हे मुद्दाम आठवावे लागत होते. बेटावर कोणी समतेची चळवळ केली नव्हती, की अनुकंपेचा निधी उभारला नव्हता. सर्वांना एक भाषा येत होती, एवढेच. त्या परंपरेत जन्मलेली शेवटची बधिर व्यक्ती १९५२ साली निवर्तली.

अमेरिकेतील बधिरांच्या शिक्षणाचा आरंभ १५ एप्रिल १८१७ रोजी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे झाला. मेसन कॉग्झवेल या डॉक्टरांची मुलगी अ‍ॅलिस बधिर होती. तिच्यासारख्या मुलांसाठी शाळा काढावी म्हणून त्यांनी व गावातील सधन नागरिकांनी टॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट या तरुण धर्मोपदेशकास १८१५ साली युरोपात शिक्षणपद्धती शिकण्यास पाठविले. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ही विद्या ब्रेडवुड घराण्याने खासगी मालमत्तेसारखी जपली होती. शिकू पाहणाऱ्याने त्यांच्या पदरी उमेदवारी करावी व ज्ञान गुप्त ठेवण्याचे बंधन पत्करावे, असा त्यांचा खाक्या. ज्ञानाच्या मक्तेदारीचे याहून उघडे उदाहरण शोधूनही सापडणार नाही. गॅलॉडेट तेथून विन्मुख झाले आणि पॅरिसच्या सार्वजनिक संस्थेत गेले. तेथे शिकवणूक खुणांच्या भाषेतून चाले आणि ती पाहू इच्छिणाऱ्यास दार उघडे होते. १८१६ साली परत येताना त्यांनी लोराँ क्लेर या शिक्षकास बरोबर आणले. क्लेर स्वतः बधिर होते. म्हणजे अमेरिकेतील पहिल्या बधिर शाळेच्या दोघा आद्य शिक्षकांपैकी एक बधिर होता, आणि तिचे अध्यापनाचे ज्ञान मुख्यतः त्याचेच होते. क्लेर यांच्या फ्रेंच खुणा आणि मार्थाज व्हिनयार्डसह ठिकठिकाणांहून आलेल्या विद्यार्थ्यांच्या घरच्या खुणा यांच्या मिश्रणातून जी भाषा घडली, तीच आजची अमेरिकन खुणांची भाषा होय. इंग्रजीशी तिचे व्याकरण जुळत नाही. अमेरिकन बधिराला फ्रेंच बधिराचे बोलणे थोडेफार उमगते, पण इंग्लंडमधल्या बधिराचे सहसा उमगत नाही, याचे कारण या प्रवासात आहे.

शाळेचा खर्च कोणी सोसला, हेही पाहण्यासारखे आहे. कनेक्टिकटच्या विधिमंडळाने १८१६ साली पाच हजार डॉलर दिले आणि १८१९ साली अमेरिकन काँग्रेसने अलाबामातील सुमारे तेवीस हजार एकर सरकारी जमीन दिली. ती विकून शाळेचा कायमचा निधी उभा राहिला. ही ‘सरकारी’ जमीन म्हणजे तेथील मूळ इंडियन रहिवाशांकडून हिरावून घेतलेली जमीन होती, ही गोष्टही याच ठिकाणी नोंदविली पाहिजे. पुढे एकामागून एक राज्यांनी अशा निवासी शाळा काढल्या. १८६४ साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी वॉशिंग्टनमधील बधिरांच्या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर सही केली. ‘राष्ट्रीय मूकबधिर महाविद्यालय’ या नावाने ती संस्था ओळखली जाई. त्या नावातील ‘मूक’ हा शब्द बधिरांना खटकत असे. १८९४ साली नाव बदलून ‘गॅलॉडेट महाविद्यालय’ झाले. आपल्या मराठीत ‘मूकबधिर’ हा जोडशब्द अजूनही सर्रास छापला जातो. ज्याला भाषा आहे तो मुका कसा, हा विचार छापणाऱ्याच्या मनात येत नाही.

इथवर चित्र बरे होते. १८७० च्या सुमारास बधिर शाळांतील शिक्षकांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास शिक्षक स्वतः बधिर होते. याच सुमारास सुधारणेचे वारे वाहू लागले. होरेस मान हे अमेरिकेतील सार्वजनिक प्राथमिक शिक्षणाचे थोर प्रवर्तक. युरोपचा दौरा करून आल्यावर १८४४ सालच्या अहवालात त्यांनी जर्मन शाळांची स्तुती केली होती. त्या शाळांत मुलांना खुणा करू न देता ओठांच्या हालचाली वाचावयास आणि तोंडाने बोलावयास शिकवीत. १८६७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये याच पद्धतीची क्लार्क शाळा निघाली. या पक्षाचा पुढारी म्हणून पुढे आला तो टेलिफोनचा संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. बेलची आई बधिर होती, पत्नीही बधिर होती, आणि स्वतःचा व्यवसाय तो आयुष्यभर ‘बधिरांचा शिक्षक’ असाच सांगे. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. म्हणूनच त्याने काय केले ते अधिक भयंकर वाटते.

१८८३ साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे बेलने एक निबंध वाचला. बधिर माणसे बधिरांशीच विवाह करतात, त्यामुळे मानवजातीचा एक बधिर प्रकार निर्माण होण्याचा धोका आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. असे विवाह कायद्याने बंद करण्याबाबत तो साशंक होता. पण त्यांची ‘कारणे’ दूर करावीत असे त्याचे मत होते. ती कारणे तीन: निवासी शाळा, खुणांची भाषा आणि बधिर शिक्षक. म्हणजे ज्या तीन गोष्टींमुळे विखुरलेली बधिर माणसे एक समाज म्हणून उभी राहिली, नेमक्या त्याच नाहीशा करावयाच्या. त्या काळी सुप्रजननशास्त्र हे पुढारलेल्या विचारांचे लक्षण मानले जाई, आणि परदेशांतून आलेल्या निर्वासितांच्या मुलांनी आपापल्या भाषा सोडून इंग्रजी धरावी हा आग्रहही तेव्हाचाच. बधिरांच्या खुणा या त्याच तागडीत तोलल्या गेल्या.

१८८० साली इटलीत मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधींपैकी अमेरिकेचे जेम्स डेनिसन हे एकटे बधिर होते. प्रचंड बहुमताने ठराव झाला की, खुणांपेक्षा वाणी श्रेष्ठ असल्याने मौखिक पद्धतीचाच अवलंब व्हावा. अमेरिकेच्या प्रतिनिधींनी विरोधी मत दिले, पण वारा कोणत्या दिशेचा ते स्पष्ट होते. नेब्रास्का राज्याने १९११ साली कायदा करून आपल्या बधिर शाळेत मौखिक पद्धती सक्तीची केली. राज्यातील व देशातील बधिरांनी निषेध केला, अर्ज केले. उपयोग झाला नाही. १९२० च्या सुमारास अमेरिकेतील सुमारे ऐंशी टक्के बधिर मुले खुणांवाचून शिकत होती. शिकत होती म्हणण्यापेक्षा वर्षानुवर्षे एकेक ध्वनी घोटीत होती असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. गणित, इतिहास, भूगोल यांसाठी वेळ उरेल तेव्हा उरे. वर्गात हात हलविला तर हातावर पट्टी बसे.

या सुधारणेचे एक आर्थिक अंग आहे, त्याकडे कमी लक्ष जाते. मौखिक पद्धतीत बधिर शिक्षक निरुपयोगी ठरला, कारण त्याला उच्चार ऐकू येत नाहीत. त्याच्या जागी ऐकणाऱ्या तरुण स्त्रिया नेमण्यात आल्या आणि त्यांना पुरुषांपेक्षा पुष्कळच कमी पगार देण्यात आला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बधिर शिक्षकांचे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरले. सुशिक्षित बधिराला जो एक प्रतिष्ठेचा व्यवसाय खुला होता तो बंद झाला, आणि बधिर मुलाच्या डोळ्यांपुढून मोठा झालेला, शिकलेला, संसारी बधिर माणूसच नाहीसा झाला. स्त्रियांचे स्वस्त श्रम आणि बधिरांची बेकारी यांची सांगड ‘आधुनिक शिक्षणपद्धती’ या नावाखाली घातली गेली.

भाषा तरीही मेली नाही. दिवसा वर्गात जिला बंदी, ती रात्री वसतिगृहात चाले. बधिर आईबापांची मुले ती घरून घेऊन येत आणि ऐकणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांना शिकवीत. बधिरांपैकी दहांतील नऊंहून अधिक मुले ऐकणाऱ्या कुटुंबांत जन्मतात, त्यामुळे ही भाषा आईकडून क्वचितच मिळते; ती सोबत्यांकडून मिळते. शिवाय १८८० सालीच, मिलानच्या परिषदेच्या आगेमागे, सिनसिनाटी येथे बधिरांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली होती. ही बधिरांनी चालविलेली संघटना होती, बधिरांसाठी दुसऱ्यांनी चालविलेली नव्हे. शतकाच्या आरंभी सरकारी नोकरीच्या परीक्षांना बधिरांस बसू न देण्याचा नियम झाला, तो या संघटनेने लढून १९०८ साली रद्द करून घेतला. तिचे एक अध्यक्ष जॉर्ज व्हेडिट्झ यांना वाटले की आपली भाषा नामशेष होणार. म्हणून वर्गणी जमवून संघटनेने जुन्या व्यासंगी बधिर वक्त्यांची भाषणे चलच्चित्रात टिपून ठेविली. १९१३ सालचे व्हेडिट्झ यांचे स्वतःचे भाषण त्यांत आहे. चलच्चित्राची कला बाल्यावस्थेत असताना एका भाषिक समाजाने आपली भाषा जतन करण्यासाठी तिचा उपयोग केला, ही गोष्ट त्या कलेच्या इतिहासकारांनी अधिक ठळकपणे सांगावयास हवी.

बधिर माणूस पोट कसे भरी? शाळांतून सुतारकाम, चांभारकाम, शिवण शिकवीत. पण सर्वांत महत्त्वाचा धंदा म्हणजे छापखाना. बहुतेक प्रत्येक शाळेचे स्वतःचे नियतकालिक असे, मुलेच त्याचे खिळे जुळवीत. मोठ्या वृत्तपत्रांच्या जुळणीखात्यांत यंत्रांचा जो खडखडाट चाले त्याचा बधिर जुळाऱ्याला त्रास नसे, आणि एकदा मुद्रक कामगारांच्या युनियनचे कार्ड मिळाले की गावोगावी त्याच दराने काम मिळे. गॅलॉडेट महाविद्यालयामुळे वॉशिंग्टन शहरात अशा कामगारांची मोठी वस्ती होती. पहिल्या महायुद्धात ओहायोतील अ‍ॅक्रन या रबराच्या शहरी गुडइयर व फायरस्टोन कारखान्यांनी शेकडो बधिर कामगार भरती केले. गुडइयरचा बधिरांचा फुटबॉल संघ त्या काळी नावाजलेला होता. युद्धानंतर मंदी आली आणि त्यांतील पुष्कळांवर कपातीची कुऱ्हाड पडली. छापखान्यांतील काम टिकले ते संगणकीय जुळणी येईपर्यंत, म्हणजे १९७० व १९८० च्या दशकांपर्यंत. बधिर कामगारवर्गाचा एक भक्कम थर त्या यंत्राने काही वर्षांत नाहीसा केला. सांस्कृतिक इतिहास लिहिणारे या घटनेवरून घाईने पुढे जातात. वस्तुतः बधिरांच्या क्लबांची, नाटकमंडळ्यांची, सायंकाळच्या बैठकांची आर्थिक बैठक याच पगारांवर उभी होती.

बेलच्या टेलिफोनचीही एक विपरीत कथा आहे. बधिरांच्या शिक्षकाने शोधलेल्या या यंत्राने बधिरांना जवळजवळ नव्वद वर्षे व्यवहाराबाहेर ठेविले, कारण टेलिफोन घेता येत नाही म्हणून नोकरी नाकारणे मालकाला सोपे झाले. यावर तोड काढली ती रॉबर्ट वाइटब्रेख्ट या बधिर पदार्थविज्ञानतज्ज्ञाने, १९६४ साली. टेलिफोनच्या तारेवरून टेलिप्रिंटरची अक्षरे पाठविता येतील अशी जोडणी त्याने तयार केली. टेलिफोन कंपनी टाकून देत असलेली जुनी, अवजड यंत्रे बधिर स्वयंसेवकांनी आपल्या गाड्यांतून वाहून नेली, दुरुस्त केली आणि घरोघर बसविली.

त्याच सुमारास भाषेच्या प्रश्नालाही कलाटणी मिळाली. विल्यम स्टोकी हे गॅलॉडेटमध्ये १९५५ साली इंग्रजी शिकवावयास आलेले ऐकणारे प्राध्यापक. विद्यार्थ्यांच्या खुणा हे इंग्रजीचे मोडकेतोडके हातवारे नसून तीत स्वतंत्र रचना आहे, असे त्यांनी १९६० साली साधार दाखविले, आणि १९६५ मध्ये डोरोथी कॅस्टरलाइन व कार्ल क्रोनेबर्ग या बधिर सहकाऱ्यांसह त्या भाषेचा कोश सिद्ध केला. त्यांची थट्टा करणाऱ्यांत बधिर सहकारीही होते. पिढ्यान्‌पिढ्या जी भाषा हीन म्हणून शिकविली गेली ती तोलामोलाची आहे हे तिच्या बोलणाऱ्यांनाच पटेना. बोलीभाषांविषयी संकोच बाळगणाऱ्या आपल्याकडील शिकलेल्यांना ही मनःस्थिती अपरिचित नाही. स्टोकींच्या कामाचे पडसाद पुढे मुंबईपर्यंत पोहोचले. जन्माने भारतीय व स्वतः बधिर असलेले मदन वसिष्ठ यांनी अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांसह १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूर येथील बधिरांच्या खुणांचा अभ्यास केला आणि याही खुणांना स्वतःचे व्याकरण आहे असे दाखवून दिले. अमेरिकेत १९७२ पासून, कान न चालणारा आणि बधिर समाजाचा घटक असणारा, हा भेद इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर लहान अथवा मोठे लिहून दाखविला जाऊ लागला. देवनागरीत ती सोय नसल्याने मराठीत तो भेद शब्दांनीच सांगावा लागतो.

कायद्याची लढाई बधिरांनी एकट्याने लढविली नाही. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमाने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगांविरुद्ध भेदभाव करण्यास मनाई केली. पण नियमच प्रसिद्ध होईनात, म्हणून कलम कागदावर राहिले. एप्रिल १९७७ मध्ये सॅनफ्रॅन्सिस्को येथील सरकारी कचेरीत अपंग सत्याग्रही शिरले आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ तेथेच बसले. अधिकाऱ्यांनी टेलिफोन तोडले, तेव्हा आतील बधिर सत्याग्रही खिडकीत उभे राहून खाली रस्त्यावरील साथींना खुणांनी बातम्या देऊ लागले. ब्लॅक पँथर पक्षाने रोज गरम जेवण पोहोचविले. वॉशिंग्टनला गेलेल्या शिष्टमंडळाची व्यवस्था यंत्रकामगारांच्या युनियनने पाहिली. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. निग्रोंची चळवळ, संघटित कामगार आणि अपंग यांची ही युती फार काळ टिकली नाही हे खरे, पण ती झाली होती हे विसरता कामा नये.

मग १९८८ चा मार्च उजाडला. गॅलॉडेट आता विद्यापीठ झाले होते. १८६४ पासून १२४ वर्षांत त्याला एकही बधिर अध्यक्ष लाभला नव्हता. विश्वस्त मंडळातील २१ जणांपैकी १७ ऐकणारे होते. अध्यक्षपदासाठी अखेरच्या यादीत तिघे होते: दोघे बधिर आणि एक ऐकणारी, एलिझाबेथ झिन्सर, तिला खुणांची भाषा येत नव्हती. ६ मार्च रोजी मंडळाने तिची निवड केली. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या फाटकांवर बसगाड्या आडव्या लावल्या व त्यांच्या चाकांतील हवा सोडून दिली. मागण्या चार होत्या: झिन्सर यांनी जावे व बधिर अध्यक्ष नेमावा, मंडळाच्या अध्यक्षा जेन स्पिलमन यांनी जावे, मंडळात बधिरांचे बहुमत असावे, आणि कोणावरही सूड उगवू नये. प्राध्यापक व नोकरवर्ग विद्यार्थ्यांच्या बाजूने उभा राहिला. टपाल कामगारांच्या युनियनने पैसे पाठविले. १० मार्चच्या रात्री झिन्सर पायउतार झाल्या. ११ तारखेला अडीच हजारांच्या आसपास लोक संसदेवर चालून गेले, त्यांच्या हाती मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मृतीचा फलक होता. १३ मार्चला चारही मागण्या मान्य झाल्या आणि आय. किंग जॉर्डन हे पहिले बधिर अध्यक्ष झाले.

या आठवड्याचे मर्म तिसऱ्या मागणीत आहे, पहिल्या मागणीत नाही. अध्यक्ष बदलणे म्हणजे माणूस बदलणे. मंडळात बहुमत मागणे म्हणजे सत्तेचे वाटप मागणे. बधिर प्रतिनिधी मंडळावर आधीही चार होते, पण त्यांचे स्थान दिवाणखान्यातील शोभेच्या वस्तूंसारखे. संस्थेचा बहुतेक खर्च सरकारी तिजोरीतून होत होता, म्हणजे तो करदात्यांचा होता, विश्वस्तांच्या औदार्याचा नव्हता. हेही विद्यार्थ्यांनी ओळखले होते. दोन वर्षांनी, १९९० मध्ये, अपंग नागरिकांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला. त्याने टेलिफोन कंपन्यांवर बधिरांसाठी मध्यस्थ सेवा चालविण्याचे बंधन घातले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने १९९३ पासून तेरा इंची व त्याहून मोठ्या दूरदर्शन संचात बोललेले शब्द पडद्यावर अक्षरांत दाखविण्याची सोय सक्तीची केली.

ही सारी विजयकथा सांगताना एक गोष्ट लपविली जाऊ नये. बधिरांच्या चळवळीने स्वतःच्या घरात रंगभेद पाळला. राष्ट्रीय संघटनेने १९२५ साली काळ्या बधिरांना सभासदत्व बंद केले, ते १९६५ पर्यंत. दक्षिणेतील राज्यांत काळ्या बधिर मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. लुइझियानात हे १९७८ पर्यंत चालले. वॉशिंग्टनमध्ये गॅलॉडेटच्याच आवारातील केंडल शाळेने १९०५ मध्ये काळी मुले बाहेर काढून दुसऱ्या शहरी धाडली. लुइस मिलर या मातेने व इतर पालकांनी दावा लावून १९५२ साली तो जिंकला, तेव्हा शाळेने मुलांना आत घेतले ते वेगळ्या इमारतीत, वेगळ्या नावाखाली. त्या इमारतीत शिकलेल्या चोवीस विद्यार्थ्यांना शालान्त प्रमाणपत्रे दिली गेली ती २०२३ साली. पुष्कळांची त्यांच्या वारसांनी स्वीकारली. आणखी एक उपरोध असा की, काळ्यांच्या शाळांवर खर्चच कमी केला जाई, म्हणून महागडी मौखिक पद्धती तेथे तितकीशी पोहोचली नाही, आणि खुणांची जुनी भाषा तेथेच अधिक शुद्ध राहिली. गॅलॉडेटचे पहिले काळे बधिर पदवीधर अँड्र्यू फॉस्टर यांनी १९५४ मध्ये पदवी घेतली आणि पुढे आफ्रिकेत बधिरांसाठी तीसहून अधिक शाळा काढल्या. स्वदेशी गोऱ्या बधिरांच्या संघटनेत मात्र त्यांच्या वर्णाच्या माणसाला त्या वर्षी सभासद होता येत नव्हते.

आज झगडा कशासाठी आहे? १९७५ च्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आणि ते ‘कमीत कमी निर्बंधांच्या’ वातावरणात, म्हणजे शक्यतो सर्वसामान्य शाळेत, द्यावे असे सांगितले. चाकाच्या खुर्चीतील मुलाच्या दृष्टीने ही मुक्तता होती. बधिर मुलाच्या दृष्टीने पुष्कळदा उलटे झाले. चाळीस ऐकणाऱ्यांत एकटा बसलेला मुलगा, दुभाषी असला तर असला, मधल्या सुटीत बोलावयास कोणी नाही. राज्यांच्या अंदाजपत्रकांना हे सोयीचे पडले, कारण निवासी शाळा खर्चिक असते. ज्या नेब्रास्काने १९११ मध्ये खुणांना बंदी घातली होती त्याने १९९८ साली आपली बधिर शाळाच बंद केली. समावेशाचे तत्त्व आणि काटकसरीचा हिशेब असे हातात हात घालून आले की पुरोगाम्यांनी अधिक सावध असावयास हवे. समतेचा अर्थ सर्वांना एकाच बाकावर बसविणे असा होऊ लागला तर तो अर्थ कोणाच्या पथ्यावर पडतो हे पाहावयास हवे.

न्यायालयांनीही फारशी साथ दिली नाही. एमी रोली या बधिर मुलीला वर्गात दुभाषी हवा होता. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, मुलीची प्रगती होत आहे एवढे पुरे, तिच्या पूर्ण कुवतीइतके शिक्षण देण्यास शाळा बांधील नाही. तिची बाजू मांडणारे मायकेल चॅटॉफ हे स्वतः बधिर वकील होते. चार दशकांनी मिशिगनमधील मिगेल लुना पेरेझ या बधिर विद्यार्थ्याचे प्रकरण आले. मेक्सिकोहून आलेल्या या मुलाला शाळेने जो मदतनीस दिला त्याला खुणांची भाषाच येत नव्हती. गुणपत्रकांत मात्र तो वर्षानुवर्षे चांगला चालला होता, आणि शालान्त प्रमाणपत्र मिळणार नाही हे घरच्यांना अगदी अखेरीस कळले. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, तो नुकसानभरपाईचा दावा लावू शकतो.

दुसरा वाद कानाच्या आत शस्त्रक्रियेने बसविण्याच्या श्रवणयंत्राचा आहे. लहान मुलांसाठी त्याला १९९० साली सरकारी परवानगी मिळाली. बधिरांच्या संघटनेने आरंभी त्याचा कडक निषेध केला आणि २००० साली आपली भूमिका सौम्य केली. या यंत्राने अनेक मुलांना बोलणे शिकता आले आहे, हे नाकारणे आंधळेपणाचे होईल. आक्षेप आहे तो यंत्राबरोबर येणाऱ्या सल्ल्यावर: मुलाला खुणा दाखवू नका, नाहीतर ते बोलणार नाही. यंत्राचा गुण आला नाही तर त्या मुलाची भाषा शिकण्याची पहिली चार-पाच वर्षे कोरी जातात. बेलचा निबंध विस्मरणात गेला, पण त्याचा तर्क दवाखान्यांतून अजून ऐकू येतो.

आणि उपजीविका? अमेरिकन जनगणना खात्याच्या २०१७ च्या पाहणीनुसार २५ ते ६४ वयोगटातील बधिरांपैकी सुमारे ५३ टक्के कामावर होते, तर ऐकणाऱ्यांपैकी सुमारे ७६ टक्के. कायदे झाले, विद्यापीठाचा अध्यक्ष बधिर झाला, २०१६ पासून तर अध्यक्षपदी बधिर स्त्रीही आली. मुद्रक युनियनच्या कार्डाची जागा घेईल असे मात्र काहीच आले नाही. भेदभावाविरुद्धचा कायदा नोकरी नाकारणाऱ्याला कोर्टात खेचू शकतो, नोकरी निर्माण करू शकत नाही. बधिर चळवळीच्या आजच्या नेत्यांत वकील व प्राध्यापक पुष्कळ आहेत, युनियनचे कार्यकर्ते फार थोडे.

सध्या राज्याराज्यांच्या विधिमंडळांत बधिरांच्या संघटनांची मागणी अशी आहे: जन्मापासून पाच वर्षांपर्यंत प्रत्येक बधिर मुलाला, मग ती खुणांची असो की बोलण्याची, कोणती तरी भाषा खरोखर येते आहे की नाही हे सरकारने नियमाने तपासावे आणि पालकांना कळवावे. कॅलिफोर्नियाने २०१५ साली असा कायदा केला, पाठोपाठ इतर काही राज्यांनी. विरोध मुख्यतः दोघांकडून होतो: मौखिक पद्धतीच्या जुन्या संस्थांकडून, आणि तपासणीत मूल मागे आढळले तर पुढील खर्च कोणी करावयाचा असे विचारणाऱ्या शाळा-जिल्ह्यांकडून.